बंदर दाभोळचं, पेटी मोर्शीची



आमच्या मोर्शीपासून समुद्र पाचशे किलोमीटरच्या पुढं. इथल्या माणसाला मोठं पाणी म्हटलं की एकच ठाऊक, सिंभोऱ्याचं धरण. कागदोपत्री ते अप्पर वर्धा आणि जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. पावसाळ्यात दरवाजे उघडले की अमरावतीपासून माणसं बघायला येतात, भुट्टे खातात, फोटो काढतात. गेल्या पावसाळ्यात आम्हीही मुलाबाळांना घेऊन गेलो होतो. धाकटी सहावीत आहे. बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "समुद्र याच्यापेक्षा मोठा असतो?"

आम्ही म्हटलं, "खूप मोठा. पलीकडचा काठ दिसतच नाही."

"मग पलीकडं काय असतं?"

आमच्या तोंडून निघून गेलं, "जिद्दा."

भूगोलाच्या दृष्टीनं उत्तर काही अगदी चूक नाही. पण ते भूगोलातून आलं नव्हतं. ते आलं होतं घरातल्या टिनाच्या पेटीवरून. आमच्या दादाजानची ही पेटी. हिरव्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव, खाली 'मु. मोर्शी, जि. अमरावती' आणि त्याखाली 'बडनेरा – बंबई – जिद्दा'. साठच्या दशकात ते जहाजानं हजला गेले, तेव्हा रंगाऱ्याकडून लिहून घेतलेलं. गेली कित्येक वर्षं त्या पेटीत जुन्या रजया आहेत आणि पेटीवर गव्हाचं पोतं.

घरी आल्यावर धाकटीनं पेटी पुसली आणि प्रश्न सुरू केले. जहाजाचं नाव काय? किती दिवस लागले? जेवायला काय मिळायचं? सोबत कोण होतं? आम्ही आठवायला बसलो, तर हाताला तीनच गोष्टी लागल्या. जहाज 'मोहम्मदी'. पहिले तीन दिवस उलट्या. आणि यलमलमच्या समोर आलं की जहाजाचा भोंगा वाजला आणि सगळ्यांनी एहराम बांधला. झालं. ज्या प्रवासाच्या गोष्टी दादाजान वीस वर्षं ओट्यावर बसून सांगत होते, त्यातलं आमच्यापाशी एवढंच उरलं. आम्ही ऐकत होतो, पण लक्ष पतंगात होतं.

ही रुखरुख मनात असतानाच एका स्नेह्यांच्या मुलीच्या लग्नासाठी खेडला जाण्याचा योग आला. मोर्शीहून एस.टी.नं अमरावती, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई, मग कोकण रेल्वेनं खेड. लग्न आटोपल्यावर यजमान म्हणाले, "एवढ्या लांब आलात, तर दाभोळ बघून जा." दापोलीवरून आम्ही दाभोळला उतरलो आणि वाशिष्ठी नदीचं मुख समोर आलं. नदी रुंद होत होत समुद्राला मिळते. पलीकडच्या डोंगरावर अंजनवेलचा गोपाळगड. काठावर मासेमारीच्या होड्या, सुकत घातलेली जाळी, आणि माणसांना-गाड्यांना पलीकडं धोपाव्याला नेणारी फेरीबोट. एवढंच बघून कुणी परतला तर त्याला वाटेल, कोकणातलं एक मच्छीमारी गाव.

पण हे गाव एकेकाळी दख्खनचा दरवाजा होतं.

बहमनी राज्याचं हे मोठं बंदर. त्या काळच्या दस्तऐवजांत त्याला मुस्तफाबाद असंही म्हटलं आहे. इथून होर्मुझ, एडन, जिद्दा अशी जहाजं जात-येत. येताना मुख्य माल कोणता? घोडे. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्याची पैदास नीट होत नाही, आणि घोडदळाशिवाय त्या काळी राज्य टिकत नसे. म्हणून अरबस्तान, इराणचे घोडे जहाजांत भरून आणले जात. दाभोळला उतरवून चिपळूणच्या वाटेनं घाट चढवत वर नेले जात. सन १४७० च्या आसपास अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला, बिदरपर्यंत फिरला आणि परतीच्या प्रवासाला निघाला तो दाभोळहून. त्यानं दाभोळचं वर्णन फार मोठं बंदर असंच केलं आहे. पुढं १५१६ च्या सुमारास दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीज कारकुनानं इथल्या मालाची यादी दिली: घोड्यांशिवाय तांबं, पारा, हिंगूळ येतं, कापड आणि धान्य जातं.

माल जसा उतरे तशी माणसंही उतरत. सन १४५३ च्या सुमारास इराणच्या गिलान प्रांतातला एक चाळिशी ओलांडलेला व्यापारी दाभोळला उतरला. विकायला माल होता, बिदरला जाऊन विद्वानांना भेटायची इच्छा होती. तो परत गेलाच नाही. हाच महमूद गावान, बहमनी राज्याचा पुढं झालेला वजीर. बिदरचा प्रसिद्ध मदरसा त्यानं १४७२ साली उभा केला. फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो, की वजीर झाल्यावरही त्याचा स्वतःचा खर्च व्यापारातल्या मूळ भांडवलावर चालत असे. शत्रूंनी खोटं पत्र रचलं आणि १४८१ साली सुलताननं त्याला मारलं. पश्चात्ताप झाला, पण उशिरा.

आता वाचक म्हणतील, हे सगळं कोकणातलं आणि बिदरचं, मोर्शीचा याच्याशी संबंध काय? आम्हीही दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून हेच म्हणत होतो. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या घरापर्यंत येतो.

बहमनी राज्याचे चार मोठे सुभे होते, त्यात एक वऱ्हाड. सुभेदार डोईजड होऊ नयेत म्हणून महमूद गावाननं चाराचे आठ केले. वऱ्हाडचे दोन भाग पडले, गाविलगड आणि माहूर. गाविलगडला राहिला फतहुल्लाह इमादुलमुल्क. मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेला, वऱ्हाडात वाढलेला. गावानला मारल्यानंतर तो दरबारापासून दूर झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र झाला. तीच आपली इमादशाही, राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. मोर्शीहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येईल इतकं जवळ. दाभोळच्या धक्क्यावर उतरलेल्या एका व्यापाऱ्याच्या हातानं आपल्या वऱ्हाडचा नकाशा आखला गेला.

आणि त्या नकाशात एक उणीव होती. बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या. विजापूरच्या आदिलशाहीकडं दाभोळ. अहमदनगरच्या निजामशाहीकडं चौल. गोवळकोंड्याकडं मच्छलीपट्टण. बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही, या दोघींच्या वाट्याला किनाराच आला नाही. समुद्रावरून येणारी प्रत्येक वस्तू त्यांना दुसऱ्याच्या बंदरातून, दुसऱ्याची जकात भरून आणावी लागे. इमादशाही चौऱ्याऐंशी वर्षं टिकली. १५७४ मध्ये निजामशाहीनं ती गिळली. किनारा नव्हता एवढ्याच कारणानं गेली असं नाही, पण ज्यांच्याकडं बंदर होतं ते तिच्यापेक्षा जास्त दिवस टिकले, हे मात्र खरं.

तरीही समुद्र आपल्या गावात आला. धाकटीला आम्ही परतीच्या गाडीत एक खेळ दिला: घरात, बाजारात समुद्रावरून आलेले शब्द शोध. बंदर आणि किनारा हे फारसी. जहाजाचा नांगर हा फारसी 'लंगर'. खलाशी अरबी. सुकाणू हे अरबी 'सुक्कान'. कोकणातला नाखवा म्हणजे फारसी 'नाखुदा', जहाजाचा धनी. बंदरात भरायची जकात आणि आपण रमजानमध्ये काढतो ती जकात, शब्द एकच. तेव्हा ती म्हणाली, "हे सगळे तिकडचे शब्द. मोर्शीचा सांगा."

आम्ही म्हटलं, "मोसंबी."

आपल्या बागांत संत्र्याच्या शेजारी उभी असलेली मोसंबी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मोझांबिकचं नाव घेऊन आलेली आहे. आणि आपला बागायतदार "यंदा मोसम चांगला" म्हणतो, तो मोसम म्हणजे अरबी 'मौसिम', ठरलेला काळ. अरब खलाशांनी वाऱ्याच्या ठरलेल्या काळाला हा शब्द वापरला, तोच फिरत फिरत मान्सून झाला.

या मौसिमचा आणि हजचा संबंध आम्हाला दाभोळमध्ये नीट कळला. शिडाच्या जहाजांच्या काळात माणसाच्या मर्जीनं निघता येत नसे. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा असा उसळतो की कोकणातली बंदरं बंदच. हिवाळ्यात वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. मग जहाजं अरबस्तानकडं निघत, उशिरात उशिरा मार्चपर्यंत. परत यायचं ते पावसाळ्याच्या शेवटच्या वाऱ्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरात. वारा सूर्याच्या वर्षानं चालतो आणि हज चंद्राच्या. हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतो, वारा जागचा हलत नाही. एखाद्या वर्षी हज डिसेंबरात आला, तरी जहाज मार्चमध्येच धरावं लागे, मग तिकडं आठ-नऊ महिने राहायचं, आणि परतीच्या वाऱ्यासाठी पुढच्या ऑगस्टची वाट बघायची. घर सोडल्यापासून परत येईपर्यंत दीड वर्ष. म्हणून हजला निघणारा माणूस सगळ्यांची माफी मागून, देणी फेडून, वसीयत करून निघे. आपल्याकडं ती रीत अजून आहे. विमानानं चाळीस दिवसांत परत येणारा माणूसही गल्लीत घरोघरी जाऊन "कहासुना माफ करो" म्हणतो. 

वाऱ्याइतकीच भीती माणसांची. पोर्तुगीज आल्यावर त्यांनी अरबी समुद्रात परवान्याची सक्ती केली. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त. दाभोळनं त्यांचा राग सगळ्यात आधी भोगला. १५०८ साली चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदाचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड घ्यायला निघालेल्या बापानं त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर दाभोळवर हल्ला केला. गाव जाळलं, बायका-मुलंही सोडली नाहीत. दाभोळचा त्याच्या मुलाच्या मृत्यूशी काही संबंध नव्हता. ते वाटेवर होतं, इतकंच. गाव पुन्हा उभं राहिलं, पुन्हा जहाजं लागली. आदिलशाहीत इथून मक्केकडं जहाजं जात राहिली, परवाना घेऊन.

आता त्या मशिदीकडं येऊ, जी बघायला यजमानांनी आम्हाला पाठवलं होतं.

दाभोळची शाही मशीद धक्क्यापासून जवळच आहे. लोक तिला अंडा मशीदही म्हणतात. काळा दगड, उंच जोतं, वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या, मधे मोठा घुमट, कोपऱ्यांना मिनार. विजापूरची इमारत इथं खाऱ्या वाऱ्यात आणून ठेवावी तशी. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरनं तिची मापं दिली आहेत: आतून ६३ फूट लांब, ५४ फूट रुंद, मिनार-घुमटाची उंची सुमारे ७५ फूट. गावात चालत आलेली कहाणीही तिथं नोंदवली आहे. ती अशी: विजापूरची शाहजादी आयेशाबीबी १६५९ साली हजला जाण्यासाठी मोठा लवाजमा आणि पंधरा लाख रुपये घेऊन दाभोळला आली. पण समुद्रावर चाच्यांचा धोका होता. जहाज सोडता येईना. वाट बघितली, अखेर जाणं रद्द झालं. मग घेऊन आलेला पैसा दीनच्या कामी लावावा असं ठरलं आणि तिनं ही मशीद बांधायला काढली. चार वर्षांत पुरी झाली. कारागिराचं नाव कामिलखान सांगतात.

ही लोककथा आहे, तिच्यातला प्रत्येक रुपया मोजता येणार नाही. पण चाच्यांची भीती मात्र खरी होती. पुढं १६९५ मध्ये हजहून परतणारं औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे बलाढ्य जहाजसुद्धा हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं लुटलं, प्रवाशांचे हाल केले. शाहजादीची भीती अनाठायी नव्हती.

आम्ही त्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. खरं सांगायचं तर आयेशाबीबीपेक्षा आम्हाला आमची दादी आठवत होती.

दादाजान एकटे गेले होते. दादी पुढच्या खेपेला जाणार होती. गहू निवडताना, बकरीचं दूध विकून आलेल्या पैशातून ती बाजूला टाकायची. दोन-चार वर्षांनी रक्कम जमत आली, की काहीतरी व्हायचं. एकदा फुफीचं लग्न. एकदा दादाजानचं आजारपण. आणि एका दुष्काळात बागेतली विहीर आटली, संत्र्याची झाडं वाळायला लागली, तेव्हा दादीनं तिची पुरचुंडी सोडून विहिरीचं खोदकाम करून घेतलं. पाणी लागलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांनी त्या विहिरीचं पाणी भरलं. दादीला आम्ही तक्रार करताना कधी ऐकलं नाही. फक्त कधीतरी ती दादाजानना विचारायची, "समंदर कैसा रहता जी?" आणि दादाजान दरवेळी तेच सांगायचे, "पानीच पानी." तिला एवढं उत्तर पुरत नसे, हे आम्हाला आता कळतं. ती समुद्र न बघताच गेली.

पायऱ्यांवर आमच्या शेजारी एक म्हातारे चाचा येऊन बसले. गावचेच. कुठून आलात, विचारलं. मोर्शी म्हटलं तर त्यांना कळेना. अमरावती जिल्हा, वरूडच्या अलीकडं म्हटल्यावर म्हणाले, "हां, संत्री!" मग हसून विचारलं, "तुमच्याकडं समुद्र नाही नि बंदर नाही. तुम्ही इथं काय बघताय?"

आम्ही पेटीचं सांगितलं. मोहम्मदी जहाजाचं नाव घेतल्याबरोबर चाचा सावरून बसले. त्यांचे वडील मोगल लाइनच्या बोटींवर खलाशी होते. ही कंपनी १८७७ साली मुंबईत सुरू झालेली; हजची जहाजं मुख्यतः तिचीच. कोकणातल्या किती घरांतली माणसं तिच्या नोकरीत होती, ते चाचा बोटांवर मोजू लागले. वडिलांकडून ऐकलेलं त्यांना पाठ होतं. मुंबई ते जिद्दा सात-आठ दिवस. डेकवर प्रत्येक कुटुंबाची चटई, मधे पेट्यांची भिंत. "घाटावरचे हाजी पहिले तीन दिवस नुसते ओकायचे," चाचा म्हणाले. "माझा बाप त्यांना लिंबू नि मीठ द्यायचा. म्हणायचा, चौथ्या दिवशी हेच लोक मला बिर्याणी मागतील."

धाकटी खळखळून हसली. तीन दिवसांच्या उलट्या तिला आमच्याकडून ठाऊक होत्या, लिंबू-मीठ चाचांकडून कळलं. चाचांना जहाज माहीत होतं, पण हाजी कुठून येतात, परत जाऊन काय करतात, हे त्यांच्या वडिलांनी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं हाजी होता, पण जहाज नव्हतं. अर्धी गोष्ट किनाऱ्यावर, अर्धी वऱ्हाडात.

आम्हाला वाटतं, बंदराचा वारसा म्हणतात तो असाच असतो. मशीद, धक्का, किल्ला, हे त्याचं दिसणारं अर्धं. त्याची काळजी घ्यायला निदान कुणीतरी असतं. न दिसणारं अर्धं आपल्यासारख्या आतल्या गावांत, माळ्यावरच्या पेट्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे.

दाभोळचं बंदर कशामुळं मागं पडलं, तेही बघण्यासारखं आहे. १६६० च्या सुमारास ते शिवाजी महाराजांच्या ताब्यात आलं. १६८६ मध्ये विजापूर बुडालं आणि घाटावरचं मोठं गिऱ्हाईक गेलं. नदीच्या मुखाशी गाळ साचत राहिला, जहाजं मात्र मोठी होत गेली. पुढं मुंबईनं सगळा व्यापार ओढून घेतला. त्यात आपल्या वऱ्हाडचाही हात आहे. एके काळी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार गंगेकाठी मिर्झापूरला जात असे. १८४२ साली एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडं पाठवला, अशी नोंद आहे. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली आणि कापूस थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागला. किनारा नसलेल्या वऱ्हाडला पहिल्यांदा बंदर मिळालं ते असं, रुळांवरून. त्याच रुळांवरून मग हाजीही जाऊ लागले. त्याआधी आपली जवळची वाट बुऱ्हाणपूरवरून सुरतेची होती. सुरतेला तर बाब-उल-मक्का, मक्केचा दरवाजाच म्हणत.

आणि मग तोही दरवाजा मिटला. मुंबई-जिद्दा ही हजची जहाजं १९९५ पासून बंद झाली. विमान सोयीचं, त्यात वाद नाही. पण हिशेब करा. ज्यांनी शेवटच्या जहाजांनी हज केला, त्यांतले जे तेव्हा चाळिशीत होते ते आज सत्तरीच्या पुढं आहेत. जे साठीत होते, त्यांतले किती उरले असतील? दाभोळची मशीद साडेतीनशे वर्षं उभी आहे, आणखीही उभी राहील, इन्शाअल्लाह. ही माणसं थांबणार नाहीत.

म्हणून या महिन्यात आमची एक विनंती आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, नात्यात कुणी जहाजानं हजला गेलेलं असेल, तर या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा. विचारा: कोणतं जहाज, कोणतं साल? घरून निघताना कोण पोचवायला आलं? मुंबईत कुठं उतरलात? क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्याचं नाव अनेकांकडून निघेल. डेकवर शेजारी कुठल्या गावचे होते? यलमलमचा भोंगा आठवतो? परत आल्यावर सोबत काय आणलं? मुलांना त्यांच्याच शब्दांत, ज्या बोलीत सांगतील त्या बोलीत लिहून घेऊ द्या. शुद्ध करू नका.

पेट्या, पिशव्या उघडा. तेव्हा हाजींना पासपोर्टऐवजी पिल्ग्रिम पास मिळत असे, फोटो लावलेला. तो सापडेल. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं हाजींसाठी दहा आणि शंभराच्या खास नोटा काढल्या होत्या, क्रमांकाआधी 'एचए' अक्षरं असलेल्या. एखादी कुराणाच्या जुन्या गिलाफात राहून गेली असेल. विकायची घाई करू नका. आधी कुणाची, कुठून आली, ते एका कागदावर लिहून त्याच्यासोबत ठेवा. फोटोच्या मागं नाव आणि साल पेन्सिलीनं लिहा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांनी परक्याचा होतो.

आणि जे गेले नाहीत, त्यांचंही लिहा. पैसे कशासाठी जमवले होते आणि कशात गेले, तेही त्या वहीत येऊ द्या. दाभोळमध्ये न गेलेल्या एका हाजीणीचीच कहाणी अजून सांगितली जाते.

आमच्या घरी रजया आता कपाटात गेल्या आहेत आणि पेटी बैठकीत आली आहे. वरचं गव्हाचं पोतं हलवलं, तेव्हा अम्मी थोड्या कुरकुरल्या. पोत्याला दुसरी जागा शोधावी लागली. धाकटीनं दोनशे पानी वही घेतली आहे. पहिल्या पानावर 'मोहम्मदी, तीन दिवस उलट्या, लिंबू-मीठ, यलमलमचा भोंगा' एवढंच आहे. दुसऱ्या पानावर दादीची विहीर आहे. वरूडला आमचे एक मामू आहेत, वय पंच्याऐंशी. तेही जहाजानंच गेले होते, आणि त्यांना सगळं लख्ख आठवतं असं मामी सांगतात. येत्या जुम्म्याला नमाजनंतर आम्ही त्यांच्याकडं चाललो आहोत. धाकटीनं सत्तावीस प्रश्न काढून ठेवले आहेत. पहिलाच प्रश्न आहे: समुद्र कसा असतो, नीट सांगा.

खुदा हाफिज.